ट्रेलरच्या दांडीवर दोन सायकली : कामाच्या नोंदी, लातूर

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

गाडीमागे ओढायच्या आमच्या मुक्कामाच्या ट्रेलरचं पत्र्याचं काम, आतला पलंग, मागचा ओटा आणि वायरिंग झालं. आरटीओचा नंबरही पडला. आता उरला सायकलींचा प्रश्न, आणि माझ्या लेखी हाच सगळ्यात मोठा. मुक्कामाच्या जागेपासून पुढचं फिरणं सायकलवर व्हावं, यासाठीच आम्ही हा ट्रेलर करायला घेतला. खुलताबादला थांबायचं आणि म्हैसमाळचा घाट पायडल मारत चढायचा. सायकली नेता येणार नसतील तर लॉजची खोली घेतलेली बरी, एवढा लोखंडी पसारा गाडीमागे ओढायचा कशाला?

मापं आत्ताच लिहून ठेवतो, पुढचं सगळं यांच्यावरच ठरणार आहे. बॉलपासून (गाडीमागचा, ट्रेलर जोडायचा गोळा) ॲक्सलपर्यंत २.४ मीटर. बॉलपासून पेटीच्या, म्हणजे ट्रेलरच्या खोलीच्या, पुढच्या भिंतीपर्यंत १.२ मीटर, म्हणजे तेवढी दांडी उघडी आहे. ॲक्सलच्या मागे पेटी आणखी १.३ मीटर जाते. पेटीची रुंदी १.६ मीटर, छताची उंची जमिनीपासून १.७५ मीटर, छतावर १०० वॉटचं सोलर पॅनल. ४० लिटरची पाण्याची टाकी पुढच्या भिंतीला आतून टेकलेली, तिचा मध्य ॲक्सलच्या १ मीटर पुढे.

सायकली तीन. माझी गिअरची १५ किलो, बायकोची लेडीज १६ किलो, धाकट्याची २० इंची ११ किलो. एकूण ४२. वजनं घरच्याच काट्यावर घेतली : सायकल उचलून उभं राहायचं आणि त्यातून स्वतःचं वजन वजा करायचं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

कायद्याची बाजू आधी बघून घेतली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४(१ए) आलं. माल वाहनाच्या बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला परवानगीपेक्षा जास्त बाहेर आला तर २०,००० रुपये दंड, शिवाय तो माल उतरवून घेण्याचा खर्चही आपल्याच माथी. मागची नंबर प्लेट आणि दिवे झाकले जाता कामा नयेत, हेही आहेच. म्हणजे जागा कुठलीही ठरो, ट्रेलरच्या १.६ मीटर रुंदीबाहेर चाक जाऊ द्यायचं नाही.

आता मोठ्या माणसाची सायकल टोकापासून टोकापर्यंत १.७५ मीटरच्या आसपास भरते. आडवी ठेवली तर दोन्ही बाजूंना सात-आठ सेंटिमीटर बाहेर येणार. पुढचं चाक काढलं की फोर्कपासून (पुढचं चाक धरणारी दुबेळकी नळी) मागच्या चाकापर्यंत १.४२ मीटर उरतात. म्हणजे आडवी न्यायची असेल तर पुढचं चाक काढावंच लागेल. एक गोष्ट तरी पक्की झाली.

रविवार, ९ नोव्हेंबर

आजचा दिवस वजनाचा. सोयाबीनची आवक अजून चालू आहे, त्यामुळे बाजार समितीजवळच्या वजनकाट्यावर ट्रॅक्टरांची रांग होती. आम्ही भल्या पहाटे गेलो म्हणून नंबर लागला. गाडी सोडवून एकटा ट्रेलर काट्यावर उभा केला, टाकी भरलेली, भांडी, गाद्या, पाच किलोची गॅसची टाकी सगळं जागच्या जागी ठेवून. पावतीवर ६०० किलो.

बॉलवर किती भार येतो हे मात्र वजनकाट्यावर नीट कळत नाही. त्यासाठी ओळखीच्या आडत्याकडून पोत्यांचा प्लॅटफॉर्म काटा घरी आणला. त्यावर लाकडाचा ठोकळा उभा केला आणि त्याच्यावर कपलर, म्हणजे बॉलवर बसणारी ट्रेलरची वाटी, टेकवला. ठोकळ्याची उंची गाडीच्या बॉलएवढीच हवी आणि ट्रेलर सपाट उभा हवा. नाक वर किंवा खाली असलं की आकडा फिरतो. चाकांना दगड लावून वाचलं : ६२ किलो. म्हणजे एकूण वजनाच्या १० टक्के आणि वर थोडं.

हा टक्का का महत्त्वाचा, ते मुलाला समजावताना वेल्डर मामांनीच सोपं करून सांगितलं. त्यांच्या वडिलांची बैलगाडी होती. ते म्हणाले, "कडबा मागं जास्ती झाला की गाडी उलार व्हायची बग. जू वर उचलायचं आन् जुपण्या बैलाच्या नरड्याला काचायच्या. बैल कितीबी तगडा असू दे, त्याला गाडी आवरत नसती." ट्रेलरचंही तसंच. बॉलवर भार कमी पडला की ट्रेलरचं ढुंगण डावी-उजवीकडे झुलायला लागतं. वेग वाढला की झोका वाढतो आणि एका मर्यादेपुढे तो ड्रायव्हरला आवरत नाही. १० ते १५ टक्के हा साधारण सांगितला जाणारा पट्टा. युरोपातले कॅराव्हॅनवाले ५ ते ७ टक्क्यांवरही चालवतात. माझा वरचा आकडा मात्र आमच्या टो-बारवरच कोरलेला आहे : बॉलवर जास्तीत जास्त १०० किलो. त्याच्या पुढे जायचं नाही.

म्हणजे सायकली कुठेही ठेवा, बॉलवरचा आकडा ६५ ते १०० च्या मध्ये राहिला पाहिजे. सायकल स्टँड विकणारे याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. स्टँड किती सायकलींचा, किती किलोचा, पेंट कुठला, एवढंच सांगतात. तो स्टँड कुठे बसवल्यावर ट्रेलरच्या तोलाचं काय होईल, हे आपलं आपणच काढायचं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

मागे लावायचं की नाही, याचा आज निकाल लावला.

ट्रेलरच्या मागे लटकवणं सगळ्यांना पहिल्यांदा सुचतं, मलाही कितीजणांनी तेच सुचवलं. तीन सायकली ४२ किलो, स्टँड १४ किलो, मिळून ५६. पेटीच्या टोकामागे साधारण ४५ सेंटिमीटरवर त्यांचा मध्य येणार, म्हणजे ॲक्सलपासून १.७५ मीटर. ५६ गुणिले १.७५ भागिले २.४ केलं की येतात ४१ किलो. तेवढा भार बॉलवरून उचलला जाणार. ६२ तले ४१ गेले, उरले २१. एकूण वजन ६५६, म्हणजे जेमतेम ३ टक्के. त्यात पुढच्या टाकीतलं पाणी वापरून संपलं की आणखी १७ किलो कमी. बॉलवर चार किलो! असा ट्रेलर बीड-संभाजीनगर रस्त्यावर ट्रॅव्हल्सच्या शेजारून जायला निघाला तर काय होईल, याचा विचार करवत नाही.

दुसरं कारण आपल्या रस्त्यांचं. मराठवाड्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावरचा रस्ता वर्षागणिक लाटांसारखा होत जातो. शिवाय गावागणिक गतिरोधक. ट्रेलर बॉलभोवती वर-खाली होतो, म्हणून बॉलपासून जितकं लांब तितकी उसळी मोठी. चाक १० सेंटिमीटरच्या गतिरोधकावर चढलं की ॲक्सल १० सेंटिमीटर उचलतो. मागच्या स्टँडची जागा बॉलपासून ४.१५ मीटरवर, तिथे तीच उसळी १७ सेंटिमीटरची होते. दांडीवर, बॉलपासून ९० सेंटिमीटरवर, ती चार सेंटिमीटरही भरत नाही. स्प्रिंगा थोडं खातात हे धरलं तरी हा फरक मिटत नाही. सायकलीच्या दृष्टीने बघितलं तर दांडीवरचा प्रवास मागच्यापेक्षा चौपट मऊ आहे. हे गणित कागदावर उतरलं आणि माझं मन तिथेच दांडीकडे वळलं.

शिवाय आमचा ओटा मागे आहे. झाकण वर उचललं की शेगडी. सायकली मागे टांगल्या तर चहासाठीही आधी त्या उतरवायच्या. मागची जागा बाद.

रविवार, १६ नोव्हेंबर

बाकीच्या जागा एकेक करून.

गाडीचं टप. बोलेरोचं टप १.८८ मीटरवर, त्यावर सायकल उभी केली की पावणेतीन-तीन मीटर. तोलाच्या दृष्टीने इथे ट्रेलरला धक्काही लागत नाही, ही मोठी जमेची बाजू. पण १६ किलोची लेडीज सायकल डोक्याच्या वर उचलून धरायची आणि एका हाताने पट्टा ओढायचा, हे बायकोला एकटीने जमणारं नाही. ती म्हणाली, "म्हणजे मला चक्कर मारायची असेल तर दर वेळी आधी तुम्हाला उठवायचं?" हा मुद्दा मी वजनाइतकाच मोठा धरतो. ज्याची सायकल त्याला एकट्याने काढता आली पाहिजे. नाही तर दुसऱ्या दिवसापासून सायकली तशाच बांधलेल्या राहतात.

गाडीचं मागचं दार. तिथे स्टेपनी आहे. स्टेपनीवर बसणारे स्टँड मिळतात, पण मागे ट्रेलर जोडलेला असताना वळणावर त्यांना जागाच उरत नाही.

ट्रेलरचं छत. बरोबर ॲक्सलच्या वर असल्याने बॉलवरचा आकडा हलत नाही. पण उंची २.८ मीटर होते. आतल्या रस्त्यांवर बाभळी-चिंचांच्या फांद्या आणि गावातल्या लोंबत्या तारा, दोन्हींची धास्ती. ४२ किलो इतक्या वर गेले की उतरत्या कडेवर ट्रेलर जास्त कलतो. पॅनलवर सावली पडते ते वेगळंच.

ट्रेलरच्या आत. वजन खाली, ॲक्सलजवळ, धूळ नाही, चोरीची भीती नाही. नुसतं गणित बघितलं तर हीच सगळ्यात उत्तम जागा, आणि ज्यांचा ट्रेलर मोठा आहे त्यांनी डोळे झाकून इथेच ठेवाव्यात. आमच्या पेटीत तीन सायकली शिरल्या की पलंग संपतो. वाटेत कुठे तासभर पाठ टेकायची तरी आधी सगळं बाहेर काढा. पण धाकट्याची २० इंची सायकल पलंगाखालच्या मोकळ्या जागेत आडवी जाते, गोणपाटावर, अगदी ॲक्सलच्या वर. तिची जागा ठरली.

राहिल्या दोन मोठ्या सायकली आणि दांडी.

बुधवार, १९ नोव्हेंबर

दांडीचं गणित : ३१ किलोच्या दोन सायकली, त्या बसवायची ११ किलोची फ्रेम, मिळून ४२. मध्य बॉलपासून ९० सेंटिमीटरवर, म्हणजे ॲक्सलच्या १.५ मीटर पुढे. बॉलवर वाढणार २६ किलो. ६२ अधिक २६ म्हणजे ८८. आतली ११ किलोची सायकल धरून एकूण वजन ६५३, टक्केवारी साडेतेरा. पाणी पूर्ण संपलं तर ७१ किलो, साडेअकरा टक्के. टाकी भरलेली असो की रिकामी, दोन्ही वेळा आकडा पट्ट्यातच राहतो.

गाडीवर याचा परिणाम होतो, तोही नोंदवतो. गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) २६८० मिलिमीटर आणि बॉल मागच्या ॲक्सलच्या साधारण एक मीटर मागे. बॉलवर ८८ किलो ठेवले की मागच्या ॲक्सलवर १२१ येतात आणि पुढच्या चाकांवरून ३३ उचलले जातात. त्यामुळे गाडीच्या डिकीत जड काही ठेवायचं नाही. जॅक, हत्यारांची पेटी, कोळशाची शेगडी हे पुढच्या सीटमागे जाईल. हेडलाइटचा झोतही थोडा खाली करून घ्यावा लागेल.

रविवार, २३ नोव्हेंबर

आज शेडमधल्या फरशीवर खडूने काम केलं. दांडीवर काही ठेवायचं तर वळताना, आणि त्याहून जास्त रिव्हर्स घेताना, गाडीचा मागचा कोपरा त्याला लागतो की नाही हे आधी बघायला हवं.

बॉल गाडीच्या बंपरच्या २० सेंटिमीटर मागे, गाडीची अर्धी रुंदी ८७. म्हणजे बंपरचा कोपरा बॉलपासून ८९ सेंटिमीटरवर. बॉलच्या जागी खिळा ठेवून ८९ सेंटिमीटरच्या सुतळीने कमान ओढली. गाडी कितीही वळली तरी तो कोपरा या कमानीबाहेर जात नाही. मग फरशीवरच पुठ्ठ्याची गाडी फिरवून पाहिली. पहिली सायकल बॉलपासून ८० सेंटिमीटरवर ठेवली तर ७० अंशांपर्यंत वळूनही कोपरा आणि तिच्यामध्ये चार-पाच सेंटिमीटरची फट राहते. तेवढ्या कोनात रिव्हर्स घ्यायची वेळ येऊ नये, आणि आली तर उतरून ट्रेलर हाताने वळवावा. दुसरी सायकल १०५ सेंटिमीटरवर. तिसऱ्या मोठ्या सायकलीला जागा करायला गेलं तर पहिली ५५ वर सरकते आणि ६० अंशांच्या आतच कोपरा लागतो. म्हणून दांडीवर दोनच, तिसरी कधीच नाही. धाकटा मोठा होईल तेव्हा पुन्हा विचार करू.

हा झाला सायकलीच्या पातळ अंगाचा हिशोब. पण सायकलीला हँडल असतं आणि पायडल असतं, आणि खरी अडचण तिथेच आहे.

पुढचं चाक काढून फोर्क फ्रेमवरच्या ठोकळ्यावर घट्ट केला की हँडल सायकलीला आडवं राहतं. ६८ सेंटिमीटरचं हँडल, म्हणजे ३४ सेंटिमीटर गाडीच्या काचेच्या दिशेने. कमानीच्या कितीतरी आत. प्रत्येक वेळी स्टेम (हँडल धरून ठेवणारा तुकडा) सैल करून हँडल वळवायचं म्हटलं तर जागेवर पोचल्यावर सरळ करून ब्रेक-गिअर तपासण्यात वेळ जाणार, आणि स्टेमचा बोल्ट नीट आवळला नाही तर उतारावर जिवाशी गाठ. ते मला मंजूर नाही.

मामा थोडा वेळ सायकलीकडे बघत बसले. मग त्यांनी पुढचं चाक काढलं, फोर्क हाताने चौथाई फिरवला आणि म्हणाले, "सर, हँडल कशाला फिरवायलाव? फोर्कच असा आडवा ठिवू की. ठोकळाच फिरवून वेल्ड मारतो."

अगदी नेमकं. चाक नसताना फोर्क मोकळा फिरतो. ९० अंश वळवला की हँडल सायकलीच्या लांबीत येतं आणि जाडी पायडलांपुरती उरते. फक्त सायकलीची मान मागे झुकलेली असते, आमच्या दोन्हींची साधारण २० अंश. त्यामुळे वळवलेल्या फोर्कची चाक धरणारी दोन टोकं एका पातळीत राहत नाहीत, पुढचं टोक वर जातं. ठोकळाही तितकाच तिरपा हवा. पुठ्ठा कापून कोन उतरवून घेतला, मामांना दिला. ब्रेकच्या वायरी ताणत नाहीत ना, तेही दोन्ही सायकलींवर फिरवून पाहिलं. माझ्या सायकलीचं हँडल मागच्या बाजूने टॉप ट्यूबजवळ, म्हणजे वरच्या आडव्या नळीजवळ, येतं, तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळणार.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

पायडलं. दोन्ही सायकली उलटसुलट तोंडाने ठेवायच्या, चेनची बाजू एकमेकींकडे. पहिलीचं तोंड उजवीकडे, दुसरीचं डावीकडे. त्यामुळे गिअर आणि चेन आत राहतात, गाडीच्या मागच्या चाकांनी उडवलेले खडे थेट बसत नाहीत. बाहेरच्या अंगाला दोन्हींची डावी पायडलं येतात, एक गाडीकडे, एक पेटीच्या पत्र्याकडे. ती दोन काढायची. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, सोडवायला पाना घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. नवख्या माणसाने सरळ आटे समजून जोर लावला तर ते आणखी आवळत जातं. आट्यांना ग्रीस लावून ठेवलं की पुढच्या वेळी हलक्या हाताने सुटतात.

रविवार, ३० नोव्हेंबर

आज फ्रेम उभी राहिली. ४० बाय ४० चा, ३ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप. दोन आडव्या दांड्या, प्रत्येकीवर एका टोकाला फोर्कचा ठोकळा, दुसऱ्या टोकाला मागच्या चाकासाठी यू चॅनलचा तुकडा. लेडीज सायकलीच्या फोर्कमधलं अंतर कॅलिपरने मोजूनच तिचा ठोकळा केला. तिचं चाक नटांचं आहे, माझं क्विक रिलीजचं, पान्याशिवाय सुटणारं. टॉप ट्यूब नसलेल्या सायकलीला टांगायच्या स्टँडवर नेहमी अडचण होते, नळी मध्ये घालून जुगाड करावं लागतं. चाकावर उभ्या राहणाऱ्या या पद्धतीत तो प्रश्नच येत नाही. सायकलीच्या नळ्यांना कुठे चिमटाही बसत नाही, रंग जात नाही.

एका गोष्टीवर मी हटून बसलो : दांडीला वेल्डिंग करायचं नाही. मामांचं म्हणणं, दोन टाके मारले की काम पक्कं. त्यांच्या वेल्डिंगबद्दल मला शंका नाही. पण ट्रेलरचा सगळा ओढा या दोन चॅनलमधून जातो. त्यांच्यावर आडवा टाका मारला की उष्णतेने ती जागा बदलते आणि हजारो धक्क्यांनंतर तडा तिथूनच सुरू होतो. ट्रेलरची दांडी मोडली तर मागे काय येत असेल सांगता येत नाही. म्हणून चार यू-बोल्ट, १२ मिलिमीटरचे, खाली जाड पट्टी, धक्क्यांनी सैल न होणारे नायलॉक नट. फ्रेम हवी तेव्हा काढता येते आणि दांडी मूळची राहते. मामांनी शेवटी मान्य केलं, आणि मग बोल्टांची भोकं इतकी नेमकी पाडली की फ्रेम हाताने बसली.

सायकलीचं चाक ठेवायची जागा जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर. बायकोने स्वतःची सायकल उचलली, चाक खाचेत टाकलं, पट्टा ओढला, फोर्क ठोकळ्यावर आणून नट आवळले. मध्ये कुणी हात लावला नाही. तिला पाना फिरवताना बघत मुलगा आणि मी दोघेही गप्प उभे होतो, कारण तिने आधीच बजावलं होतं.

गुरुवार, ४ डिसेंबर

रेड ऑक्साइड, वर काळा रंग. यू-बोल्टच्या खालच्या जागा मुद्दाम बिनरंगाच्या ठेवल्या, नुसतं ग्रीस. रंगाचा थर बोल्टखाली दबून बारीक होतो आणि बोल्ट सैल पडतो.

रविवार, ७ डिसेंबर

पहिली फेरी, लातूर ते औसा आणि तिथून तुळजापूरच्या दिशेने थोडं पुढे. टाकी भरलेली, तिन्ही सायकली जागेवर. निघताना काट्यावर पुन्हा बॉल टेकवला : ९० किलो. कागदावर ८८ होते, रंग आणि बोल्ट धरले तर बरोबरच.

बायको मागच्या सीटवर उलटी बसून सायकलींवर नजर ठेवून होती. हायवेवर ताशी ६० ला काहीच हालचाल नाही. उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला ओलांडताना आणि एक ट्रॅव्हल्स शेजारून गेली तेव्हा ट्रेलर रेषेत राहिला. सायकली छताच्या उंचीच्या खाली, गाडी आणि पेटीच्या आडोशाला आहेत, वारा त्यांना फारसा लागत नाही. गतिरोधकांवर मात्र तिने एक गोष्ट टिपली : मागची चाकं खाचेत शांत, पण सीट डावी-उजवीकडे बोटभर झुलते. म्हणजे प्रत्येक सायकलीला वरून एक आधार हवा. पेटीच्या पुढच्या भिंतीवर दोन कड्या बसवून सीटच्या नळीला आडवे दोन पट्टे ओढायचे.

परतताना मुद्दाम एका शेतरस्त्याने घातली. नुकतंच पाणी दिलेलं शिवार, रस्त्यावर चिखल. घरी येऊन पाहिलं तर पहिल्या सायकलीचा डावा अंग काळ्या मातीने लिंपलेला. दांडीवरच्या जागेची ही एकच खरी किंमत, गाडीची मागची चाकं जे उडवतात ते थेट सायकलीवर. ही माती वाळली की खरवडून काढावी लागते. ताडपत्री गुंडाळायचा सल्ला मिळाला, पण ती वाऱ्याने फुगते, फडफडते आणि तिच्या घर्षणाने रंग जातो. त्यापेक्षा ट्रकच्या दुकानातून रुंद रबरी मडफ्लॅप आणून गाडीच्या मागच्या चाकांना लावायचे.

गार झाल्यावर यू-बोल्टना पाना लावला. चारपैकी दोन पाव फेरा आवळले गेले. पहिल्या फेरीनंतर हे होणारच, पुढेही दर मुक्कामाला पाना फिरवायचा.

रविवार, १४ डिसेंबर

मडफ्लॅप लागले, कड्या आणि पट्टे लागले. तोच शेतरस्ता, तोच वेग. चिखल आता पायडलांच्या खालीच थांबतो. सीट हलत नाही. बॉल ९१ किलो.

रिव्हर्सही करून पाहिला. धाकट्याला बाजूला उभं करून पूर्ण स्टिअरिंग कापत गेलो. त्याने हात वर केला तेव्हा कोपरा आणि सायकल यांच्यात त्याचा पंजा मावत होता. फरशीवरची खडूची कमान आणि प्रत्यक्षातली फट यांत काही फरक सापडला नाही.

कुलूप : एक लांब साखळी दोन्ही सायकलींच्या मागच्या त्रिकोणातून आणि दांडीच्या चॅनलमधून. फ्रेमला कुलूप लावण्यात अर्थ नाही, फ्रेम बोल्टची आहे. काढलेली पुढची चाकं पेटीत पलंगाखाली, धाकट्याच्या सायकलीशेजारी.

शनिवार, २० डिसेंबर

उद्या निघायचं. लातूर, अंबाजोगाई, केज, बीड, मग गेवराईवरून शहागडला गोदावरी ओलांडून संभाजीनगर आणि पुढे खुलताबाद. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, म्हणून तो दिवस म्हैसमाळच्या चढाचा. बुधवारी सायकलींवरून वेरूळ.

दांडीच्या पेटीत : १५ चा पाना, लेडीज सायकलीच्या नटांचा पाना, ॲलन कीचा संच, ग्रीसची डबी, एक जादा पट्टा, दोन जादा नायलॉक नट, डाव्या पायडलांची कापडी पिशवी. टायरची हवा भरली, ट्रेलरचे दिवे तपासले. टाकी बीडला जाऊन भरायची, निघताना अर्धीच. अर्ध्या टाकीला आत्ता काट्यावर बॉल ८२ किलो आहे.

परत आल्यावर बघायचं : टाकी पुढच्या भिंतीपासून उचलून ॲक्सलवर आणावी का. आणली तर पाणी कितीही वापरलं तरी बॉलवरचा आकडा ७४ च्या आसपास स्थिर राहील आणि १०० च्या मर्यादेखाली अजून जागा मिळेल. धाकट्याची पुढची सायकल २४ इंची असणार, ती पलंगाखाली मावणार नाही.